बाभळीने दिलेली सुट्टी

घाबरू नका, मित्रांनो, मला सुई नाही. कधीच नव्हती. मी एक जुनी पितळी पिचकारी आहे, शेळ्यामेंढ्यांना जंताचे औषध पाजायची. पुढे बोटभर लांबीची वाकडी नळी, जनावराच्या तोंडाला लागू नये म्हणून तिच्या टोकाला गुळगुळीत गोळी, मध्ये माझे पोट आणि मागे दट्ट्या. दट्ट्या ओढला की मी औषध पिते, दाबला की पाजते. आयुष्यभर मी एवढेच केले आणि खरे सांगायचे तर मोठ्या झोकात केले. हल्ली मात्र मी बहुतेक वेळ शेडच्या दारामागच्या खुंटीला टांगलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते, बिचारी अडगळीत पडली. तसे मुळीच नाही. मला सुट्टी मिळाली आहे, आणि ती कोणी दिली ते ऐकाल तर तुम्हाला हसू येईल.

माझा जन्म बाजारातल्या एका लेथवाल्याकडे झाला. दुकान एवढेसे, की लेथ चालू असला की गिऱ्हाइकाने बाहेरच उभे राहायचे. पितळेच्या जाड दांड्यातून त्याने माझे पोट कोरून काढले, तेव्हा पितळेचा किस उडून त्याच्या भुवयांवर बसला होता. समोर चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याने चामड्याचा एक गोल वायसर कापून दिला. तो दट्ट्याच्या टोकाला बसवला म्हणजे औषध मागे गळत नाही. नवी पिचकारी तयार झाली की लेथवाला तिच्यात पाणी भरायचा आणि शेजारच्या शिंप्याच्या पाटीवर नेम धरायचा. शिंपी आतून ओरडायचा, "अरे, पाटीचा रंग गेला माझ्या!" लेथवाला म्हणायचा, "रंग गेला म्हणजे माल चांगला निघाला." त्या पाटीवरचे एक अक्षर मीही पुसले आहे.

मला विकत घेतले आबांनी. तेव्हा त्यांना कोणी आबा म्हणत नव्हते. मिशा काळ्याभोर, मनगट जाड आणि घरी भलामोठा कळप. औषध पाजणे सोपे वाटते, पण मेंढीला विचारा. डोके फार वर धरले तर औषध श्वासनळीत जाते, खाली राहिले तर ओघळून जमिनीवर. आबा मेंढीची मान काखेत धरत, तोंडाच्या कोपऱ्यात जिथे दात नसतात तिथे अंगठा सारत आणि मला आत सरकवत. मेंढीला काय झाले ते कळायच्या आत मी रिकामी झालेली असे. त्यांच्या हाताला असा काही गुण होता, की आजूबाजूचे सगळे मेंढपाळ त्यांना बोलावू लागले. "डोसवाले" असे नावच पडले त्यांचे. ते पुढे आणि मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत. लोक म्हणत, "डोसवाल्यांचा हात लागला की पडलेली मेंढी उभी राहते." हात त्यांचा होता हे खरे, पण पाजत मी होते. मी तेव्हा फार भाव खात असे.

आबांचा एक नियम होता. एकही जनावर सुटता कामा नये. आजारी असो, धडधाकट असो, ठरलेल्या दिवशी सगळ्या कळपाला औषध. पाजून झाले की प्रत्येकाच्या पाठीवर रंगाचा ठिपका आणि लगेच सगळ्यांना ताज्या गवतावर सोडायचे. रांगेने पाजलेल्या ठिपक्याठिपक्यांच्या मेंढ्या बघून आबांना जेवल्यासारखे वाटायचे. वर्षानुवर्षे असेच चालले आणि सगळ्यांना ते बरोबरच वाटत होते.

मग हळूहळू काहीतरी बिनसले. औषध तेच, मी तीच, हात तोच, पण मेंढ्या उठेनात. पोटातले जंत फार पाजी असतात, मित्रांनो. आतड्याला चिकटून ते रक्त पितात. जनावर खंगत जाते, जबड्याखाली पाण्याची थैली लोंबू लागते आणि एक दिवस ते बसते ते बसतेच. आबांनी औषध वाढवले. पाजायचे दिवस जवळजवळ आणले. काही उपयोग होईना. त्यातच त्यांचा हात थरथरू लागला. मी मेंढीच्या दातावर आपटू लागले. बोलावणी कमी झाली आणि डोसवाले हे नाव लोक थोड्या वेगळ्या सुरात घेऊ लागले.

तोपर्यंत कळपाचे काम सूनबाईकडे आले होते. आबांचा मुलगा पवनचक्क्या उभारायच्या कामावर लांब लांब असायचा. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला मेंढीचे पुढचे टोक आणि मागचे टोक एवढेच कळत होते, असे ती स्वतःच सांगते. पण या जनावरांनी तिला लळा लावला. कोण कोणाची मुलगी, कोणाला उजव्या बाजूने दूध काढलेले आवडत नाही, कोण कुंपणावरून उडी मारते, सगळे तिला पाठ. एका शेळीचे नाव तिने इन्स्पेक्टरीण ठेवले होते, कारण कुठलीही बादली तिने तोंड घालून तपासल्याशिवाय पुढे जात नसे. गळ्यात घंटा घालून कळपाच्या पुढे चालणाऱ्या थोराड मेंढ्याला ती भाऊसाहेब म्हणायची.

एका पावसाळ्यात कोकरांवर कोकरे गेली. मुलगा सुट्टीवर आला होता. शेडच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "आबा, आता पुरे. तुमचा हात चालत नाही, हिची नुसती ओढाताण होते. पुढच्या पावसाळ्यातही कोकरं अशीच गेली, तर मी सगळा कळप विकून टाकणार."

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "विक. मलाही आता बघवत नाही."

सूनबाई मात्र गप्प बसली नाही. "एक पावसाळा द्या मला," ती नवऱ्याला म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही म्हणून नाही म्हणत. मला हेच करायचंय."

"दिला," तो म्हणाला. मी दारामागे लटकून सगळे ऐकत होते. कळप गेला तर मी कोणाला पाजणार?

सूनबाईने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले. ही बाई बारीक चणीची, बोलायला भरभर, आणि तिच्या बुटांना कायम शेण लागलेले. तिने आधी आबांना नेहमीसारखे औषध पाजायला लावले. पुढच्या भेटीत मेंढ्यांच्या लेंड्या गोळा केल्या, पाण्यात कालवल्या आणि शेडमध्ये उलट्या ठेवलेल्या खोक्यावर आपला सूक्ष्मदर्शक मांडला.

"आजोबा, या, बघा इथून," ती म्हणाली.

आबांनी डोळा लावला. "तांदळाचे दाणे सांडलेत वाटतं."

"जंतांची अंडी आहेत ती. तुम्ही औषध पाजल्यानंतरची."

आबांचा चेहरा पडला. माझाही पडला असता, पण पितळेचा चेहरा पडत नाही. डॉक्टरीणबाई मग शांतपणे समजावू लागली. दर वेळी सगळ्यांना औषध पाजले की साधे जंत मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात. मग त्यांचीच पिल्ले, त्यांचीच नातवंडे. तीच अंडी घेऊन कळप ताज्या गवतावर जातो आणि तिथेही फक्त निगरगट्ट जंतांचीच पेरणी होते. "तुमच्या हातात दोष नाही, आजोबा. सगळीकडे असंच चाललंय. आम्हीच पूर्वी असं करायला सांगत होतो."

"मग आता पाजायचं तरी काय?" आबा म्हणाले.

सूनबाई मध्येच म्हणाली, "बाई, मला एक विचारायचंय. कुंपणाकडच्या शेळ्या बाभळीचा पाला ओरबाडतात. त्यांना कधी जबड्याखाली सूज येत नाही. मेंढ्या खाली गवत खातात, त्यांनाच येते. असं का?"

डॉक्टरीणबाई एकदम खुलली. "अहो, तेच सांगायला आले होते मी!" तिने हात लांब करून मला खुंटीवरून काढले, माझा दट्ट्या बाहेर ओढला आणि वायसरवर बोट ठेवले. "हे चामडं कशात कमावलंय? बाभळीच्या सालीत. चहा फार उकळला की जीभ कशी आखडते? तो जो तुरटपणा असतो ना, त्याला टॅनिन म्हणतात. बाभळीच्या पाल्यात तो भरपूर आहे. जनावराने रोज थोडा पाला खाल्ला की पोटातले जंत हैराण होतात, अंडी कमी घालतात. शिवाय पाला उंचावर असतो. जंतांची पिल्लं दवाबरोबर गवतावर चढतात, झाडावर नाही."

आयुष्यभर मी ज्या जंतांशी लढले, त्यांच्यावरचा इलाज माझ्याच पोटात वायसर होऊन बसला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला अगदी ओशाळल्यासारखे झाले.

जाताना डॉक्टरीणबाईने तीन गोष्टी सांगितल्या. दव वाळल्याशिवाय कळप चरायला सोडू नका. पाला रोज द्या, पण नुसता पाला नको, नाहीतर पोट बांधतं आणि जनावर वाळतं. आणि नवीन औषध दवाखान्यातून न्या, पण ते सगळ्यांना पाजू नका. खालची पापणी ओढून बघा. आत लाल-गुलाबी असेल तर औषध नको. पांढुरकी असेल तर रक्त कमी झालंय, तिला पाजा. आबांनी मान हलवली. पण मान हलवणे आणि गळी उतरणे यांत फार अंतर असते.

दुसऱ्याच दिवशी सूनबाई नवीन औषध आणायला दवाखान्यात गेली. इकडे आबांनी बाही सरसावली. त्यांच्या डोक्यात एवढेच शिरले होते, की बाभळीचा पाला हे औषध आहे. आणि औषध म्हटले की ते पाजायचे. जनावर आपल्या मनाने, आनंदाने खाते त्याला औषध कोण म्हणेल? आबांनी मोठ्या पातेल्यात पाला आणि शेंगा टाकल्या, चुलीवर रटरट उकळल्या, आणि जुन्या धोतराच्या तुकड्यातून काढा गाळला. काढा कसला, जोड्यांना लावायचे काळे पॉलिशच ते. मग त्यांनी मला खुंटीवरून काढले आणि काठोकाठ भरले.

मित्रांनो, मी आजवर पांढरी, पिवळी, निळी अशी सगळी औषधे पिऊन पाहिली आहेत. पण त्या काढ्याने माझा वायसरसुद्धा आकसला.

पहिला मान भाऊसाहेबांचा. आबांनी मान काखेत धरली, मला आत सरकवले आणि दाबले. भाऊसाहेबांनी एक घोट गिळला आणि डोळे मोठे केले. मग त्यांनी असे तोंड केले, की घंटासुद्धा वाजायची थांबली. दुसरा नंबर इन्स्पेक्टरिणीचा. आबांनी मला पुन्हा भरले, तिला धरले, दट्ट्या दाबला, आणि मी अडकले. पाल्याचा एक लगदा माझ्या नळीत जाऊन बसला होता. आबांनी अंगठा लावून जोर केला. आणखी जोर केला. वायसर उलटला आणि सगळा काढा मागच्या बाजूने उसळून आबांच्या तोंडावर, मिशांवर आणि धुतलेल्या सदऱ्यावर आला.

आबा डोळे चोळत उभे राहिले. आणि इन्स्पेक्टरीण? तिने आबांच्या काखेतून मान सोडवून घेतली, गाळून टाकलेल्या पाल्याच्या ढिगाऱ्याजवळ गेली, तो बाजूला ढकलला, आणि खाली उरलेली बाभळीची ताजी फांदी कटाकटा खाऊ लागली. काटे चुकवून, चवीने, शेपटी हलवत.

त्याच वेळी सूनबाई दारात आली. आबा पायापर्यंत काळे झाले होते. तिने आधी आबांकडे बघितले, मग पातेल्याकडे, मग माझ्याकडे.

"आबा, हे काय केलंत?"

"औषध पाजत होतो."

"अहो, हा पाला त्यांनी खायचा आहे! बघा, ती खातेय की. कोणी धरलं तिला?"

आबांनी मिशांवरचा काढा पुसला. "खाऊन औषध होतं, हे मला पटायला जरा वेळ लागेल, सूनबाई," ते म्हणाले. मग दोघांना एकदमच हसू फुटले. भाऊसाहेबांना मात्र हसायचे काही कारण नव्हते. ते पुढचे एक-दोन दिवस चारा सोडून कोपऱ्यात बसले. आबा त्यांच्यापाशी पाण्याचे घमेले घेऊन बसून होते आणि दर थोड्या वेळाने म्हणत होते, "चुकलं रे बाबा माझं." शेवटी भाऊसाहेबांनी गवताची एक काडी उचलली तेव्हा आबांच्या जिवात जीव आला.

त्यानंतर माझ्या शेजारच्या खुंटीवर माझी सवत येऊन बसली. लांब बांबूच्या टोकाला बांधलेली लोखंडी आकडी. सूनबाई रोज उजाडल्यावर निघायची आणि आकडीने बाभळीचे पाल्याने भरलेले टाहाळे ओढून आणायची. एकाच झाडाला ओरबाडायचे नाही म्हणून कापलेल्या झाडाला ती चिंधी बांधून ठेवायची. शेडमध्ये मेंढीच्या तोंडाइतक्या उंचीवर दोरी ताणली होती. त्या दोरीला टाहाळे बांधायचे आणि दव वाळेपर्यंत कळपाला तिथेच ठेवायचे. आकडीला रोज मिरवायला मिळायचे आणि मी लटकून बघायचे. मला फार राग यायचा. खोटे कशाला बोलू?

शेळ्यांनी पहिल्याच दिवशी टाहाळ्यांचा फडशा पाडला. मेंढ्यांनी नाक मुरडले. त्या गवतखाऊ, त्यांना तुरट चव कुठली आवडायला? भाऊसाहेब तर दोरी दिसली तरी पाठ फिरवायचे आणि ते फिरले की सगळ्या मेंढ्या फिरायच्या. सूनबाईच्या नाकी नऊ आले. तेव्हा आबांनी तोड काढली. त्यांनी शेळ्या आणि मेंढ्या यांच्यामधले फळकुट काढून टाकले आणि लहान कोकरांना इन्स्पेक्टरिणीच्या बाजूला सोडले. पोरे ती, दुसऱ्याच्या तोंडातले ओढून खाण्यात त्यांना मजा वाटायची. कोकरे खाऊ लागली. मग कोकरांच्या आया हुंगू लागल्या. शेवटी भाऊसाहेबही आले, कोणी बघत नाही असे पाहून.

आणि आबांना नवे काम मिळाले. सकाळच्या उजेडात ते दाराशी खोक्यावर बसायचे आणि एकेक जनावर समोर आले की खालची पापणी ओढायचे. गंमत बघा, मला धरताना थरथरणारा तो हात इथे थरथरत नसे. अंगठा गालाच्या हाडावर टेकला की स्थिर राहायचा. "लाल. लाल. गुलाबी. ही बघ, ही पांढरट वाटते." पांढरट निघेल तिलाच मी पाजायचे. पूर्वी एका दमात सगळा कळप व्हायचा, आता एखादी, फार तर तीन-चार. पाजून झाले की मला धुऊन पुन्हा खुंटीला. मी मनात म्हणायचे, एवढ्यासाठी मला उठवलं?

पावसाळा भर जोरात होता आणि सगळे ठीक चालले होते. मग एका सकाळी एक कोकरू उठले नाही. सूनबाईने त्याची पापणी ओढून पाहिली. आत कागदासारखी पांढरी. इतक्या लहान कोकरांच्या पापण्या आबा बघत नव्हते. आईच्या पोटाखालून हे कोकरू रोज निसटून जायचे.

आबांचा धीर सुटला. "झालं तुमचं पाला-पापणी!" ते ओरडले. "हे असंच गेल्या वर्षी सुरू झालं होतं. एक गेलं, मग दुसरं. मी आज सगळ्यांना पाजणार. एकही सोडणार नाही." त्यांनी मला खुंटीवरून खेचले, नव्या औषधाची बाटली उघडली आणि मला भरले.

मित्रांनो, मी आनंदाने फुलले. कोकरू मेले होते, सूनबाईच्या डोळ्यांत पाणी होते, आणि मला मात्र वाटत होते, आले, माझे दिवस परत आले. सगळा कळप! रांग! ठिपके!

सूनबाई दारात आडवी उभी राहिली. मग म्हणाली, "आबा, तुम्ही पाजा. मी तुम्हाला अडवत नाही. फक्त प्रत्येकीची पापणी बघून मग पाजा."

"बघतो की! त्यात काय?"

त्यांनी जवळची मेंढी काखेत धरली. पापणी ओढली. लाल होती. तिला सोडून त्यांनी दुसरी धरली. गुलाबी. तिसरी लाल. माझी गोळी तिसरीच्या ओठांना लागलीच होती. आबांचा अंगठा दट्ट्यावर होता. मेंढी रवंथ करत, अगदी बिनघोर, त्यांच्याकडे बघत होती. तिला काहीच झालेले नव्हते. आबांना ते दिसत होते आणि मलाही दिसत होते. जन्मभर डोसवाले म्हणून मिरवलेल्या माणसाला भरलेली पिचकारी हातात धरून न पाजणे किती जड जात असेल, ते माझ्याखेरीज कोणाला कळणार? मग त्यांनी माझी नळी बाटलीच्या तोंडात घातली आणि हळूच सगळे औषध परत आत सोडले. मला तेव्हा माझी लाज वाटली. आणि त्यांचा अभिमान वाटला.

"कोकरं आण आधी," ते सूनबाईला म्हणाले. "पोटाखालून निसटणारी सगळी. एकेक करून दे माझ्या मांडीवर."

त्या सकाळी दोन कोकरांच्या पापण्या पांढऱ्या निघाल्या. आबांनी मला पुन्हा थोडेसे भरले, पण पाजायला सूनबाईच्या हातात दिले. "मान सरळ ठेव. कोपऱ्यातून अंगठा. हं, आता दाब," असे सांगत त्यांनी तिच्याकडून पाजून घेतले. सूनबाईचा हात नवखा होता, पण हलका होता. दोन्ही कोकरे पुढच्या आठवड्यात एकमेकांना टकरा देत होती. त्यानंतर त्या पावसाळ्यात एकही कोकरू गेले नाही. डॉक्टरीणबाईने पुन्हा खोक्यावर सूक्ष्मदर्शक मांडला तेव्हा आबाच आधी जाऊन बसले. "तांदूळ बराच कमी झालाय," त्यांनी जाहीर केले.

पाऊस ओसरल्यावर मुलगा घरी आला. कोकरे याही वेळी गेली असतील असे धरून व्यापाऱ्याशी त्याचे बोलणे आधीच झाले होते. व्यापारी उद्या येणार होता. मुलगा शेडमध्ये शिरला आणि बागडणाऱ्या कोकरांकडे बघत उभा राहिला. आबांनी खोक्यावर हात मारला. "बस इथं. अंगठा इथं टेकव. आता ओढ खाली. काय दिसतं?"

"लाल आहे."

"आता ही."

मुलगा एकामागून एक पापण्या बघत गेला. कपड्यांना लेंड्या लागल्या तरी उठला नाही. अर्धा कळप झाल्यावर त्याने हात पुसले. "आबा, मग उद्या त्या व्यापाऱ्याला काय सांगू?"

"मला काय विचारतोस?" आबा म्हणाले. "कळप जिचा आहे, तिला विचार."

सूनबाई दारातच होती, डोक्यावर टाहाळ्यांचा भारा घेऊन. आजवर तो कळप आबांचा होता, नाहीतर मुलाचा होता. तिचा कधीच कोणी म्हटला नव्हता. तिने भारा खाली टाकला. मग ती केसांतला पाला काढू लागली.

"येऊ नका म्हणावं त्यांना," ती म्हणाली. "आणि ती दोरी जरा धरा. टाहाळे बांधायचेत."

मुलगा उठला आणि त्याने दोरी धरली.

तेव्हापासून मी बहुतेक सुट्टीवरच असते. पूर्वी मला वाटायचे, मी जितकी जास्त चालेन तितकी माझी किंमत मोठी. आता कळते, की मला जपून वापरले म्हणूनच माझ्यातले औषध लागू पडते. म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी शेळ्यामेंढ्या असतील तर माझे एवढे ऐका. बाटली हाताशी आहे म्हणून पाजू नका, आधी पापणी बघा. बांधावरच्या बाभळीला काटे आहेत म्हणून तिच्यावर कुऱ्हाड चालवू नका, आणि तिच्याकडून पाला घ्याल तो तिला झेपेल इतकाच घ्या. माझ्यासारख्या पिचकाऱ्यांना खुशाल खुंटीवर राहू द्या. आम्हाला राग येत नाही. म्हणजे, आता येत नाही.

परवाच सूनबाईने मला खाली काढले होते. एका म्हाताऱ्या मेंढीची पापणी फिकट निघाली होती. मी पाजले, ती कुरकुरली, मला धुऊन वाळवले गेले. आज ती दोरीपाशी उभी राहून इन्स्पेक्टरिणीच्या तोंडातला टाहाळा ओढून खाते आहे. मला इथून स्पष्ट दिसते.